उजवीकडची दोन बोटं

"काकू, हा फोटो उजवीकडून दोन बोटं उडवा," शिकवणारी मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "ती सलाईनची नळी जाईल, पलंगाचा दांडा जाईल, आणि आजींचा चेहरा बरोबर मधे येईल." मी म्हणाले, "एकदा उडवलीत." तिला अर्थातच काही कळलं नाही. गळ्यात रिबिनीला अडकवलेली छोटी कात्री झुलवत ती पुढच्या टेबलाकडे गेली आणि मी फोटो हातात धरून बसून राहिले. माझ्या कानशिलात काहीतरी टकटक वाजायला लागलं. आधी वाटलं, बाहेरच्या मशीनचा आवाज असेल. बाहेर, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, सगळीकडे मशीनंच होती. पुठ्ठा दाबून फुलपाखरं काढणारी, कागदाला भोकं पाडणारी, सोनेरी अक्षरं उठवणारी. पण हा आवाज बाहेरचा नव्हता. तो फोटो मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. म्हणजे त्याचा कापून उरलेला भाग रोज पाहत होते, बैठकीच्या खोलीत, चौकटीत. हा पूर्ण होता.

हस्तकलेच्या सामानाच्या त्या व्यापारी प्रदर्शनाला मी काही हौसेने गेले नव्हते. माझी सून घरून अल्बम आणि शुभेच्छापत्रं करून विकते. तिला कागदवाल्यांशी, कागद कापायचे पंच विकणाऱ्यांशी बोलायचं होतं, नमुने बघायचे होते. ती म्हणाली, "आई, तीन दिवस रोज दोन तास स्क्रॅपबुकचा वर्ग आहे, मी तुमचं नाव घातलंय. घरी बसून तुम्ही माझी कपाटं लावता, त्यापेक्षा हे बरं." खरंच, मी तिची कपाटं लावत होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तरी हात थांबत नव्हते. एकतीस वर्षं मी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काढली. लोकांची केसपेपरं, एक्स-रे, संमतीपत्रं, सगळं नंबरावर, तारखेवर, टॅग बांधून. कोणाला काय दाखवायचं आणि काय नाही, ते मी ठरवायचे. नातेवाईक काउंटरवर रडायचे, भांडायचे, एकाने तर खुर्ची उचलली होती, पण अर्जावर सही-शिक्का नसेल तर माझ्याकडून कागद हलायचा नाही. हाताखालच्या मुली मला पाठीमागे कुलूपबाई म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि, लपवून काय उपयोग, आवडतही होतं.

तर अशी मी, गळ्यात सुनेच्या धंद्याचं कार्ड लटकवून, हॉलच्या टोकाला काचेच्या खोलीत बारा बायकांमध्ये बसले होते. डिंकाचा आणि नव्या कागदाचा वास, एसीची थंडी थेट मानेवर. शेजारी एक दातांची डॉक्टरीण होती, साठीचीच, ती फोटोच्या कडा अशा नाजूक हाताने कापत होती की जणू जरा चुकलं तर फोटो ओरडेल. "सवय आहे," ती मला म्हणाली, "फक्त ह्यांना भूल द्यावी लागत नाही." मी हसले. मग सुनेने दिलेलं पाकीट उघडलं. पहिल्या दिवशी प्रत्येकीने एकाच माणसाचे दहा फोटो आणायचे होते. सुनेने माझ्या जुन्या फोनमधून माझ्या आईचे फोटो शोधून, छापून, मला सुखद धक्का म्हणून न सांगता पाकिटात घातले होते. दहा नव्हे, अकरा. "दोन सारखेच होते आई," ती नंतर म्हणाली, "थोडा फरक वाटला, म्हणून दोन्ही छापले." थोडा फरक. दोन बोटांचा.

फोटोत आईने घरचं निळं स्वेटर घातलंय, ते मीच तिच्या अंगात घातलं होतं. उजवी बाही नीट घातली, डावी नुसती खांद्यावरून सोडली, कारण डाव्या हातात सलाईन होतं. पाठीला दोन उशा. केस नर्सने विंचरलेले. आई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, किंचित बाजूला बघतेय आणि हसतेय, इतकी छान की मी फोन काढून पटकन फोटो टिपला. मग तिथेच, तिच्या पलंगाच्या कडेला स्टुलावर बसून, बोटाने कड आत ओढली. नळी गेली, सुई टोचलेला हात गेला, दांडा गेला. उरली स्वेटर घातलेली, हसणारी, जणू घरात खिडकीशी बसलेली आई. तो मी माझ्या धाकट्या बहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, मजेत आहे. दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं, "किती गोड दिसतेय! एवढी कोणाकडे बघून हसतेय?" मी लिहिलं, शेजारच्या बाई आल्यात.

धाकटी तेव्हा सातव्या महिन्यात होती, पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. त्याआधी तिची दोन बाळं पोटातच गेली होती. डॉक्टरांनी तिला बिछान्यातून उठायला, प्रवास करायला, टेन्शन घ्यायला बंदी केली होती, आणि टेन्शन कोणी विचारून थोडंच घेतं. आईला दम लागायला लागला म्हणून मी तिला माझ्याच रुग्णालयात दाखल केलं. सगळ्यांना वाटलं, चार दिवसांत घरी येईल. पहिल्याच दिवशी, मास्क बाजूला सारून, आई मला म्हणाली, "धाकटीला एवढ्यात कळवू नकोस. ती अशी, धावत सुटेल." एवढ्यात. हा शब्द तिथे होता. मी तो ऐकला होता. नंतर ज्याला-त्याला सांगताना, नवऱ्याला, मुलाला, शेजाऱ्यांना, आणि शेवटी धाकटीला, मी वाक्य सांगितलं ते असं, "आईच म्हणाली, तिला कळवू नकोस." कधी तो शब्द गळला मला कळलंही नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मी ते काम केलेली बाई आहे. कागदावरून शब्द आपोआप गळत नाही.

चौदाव्या दिवशी आईने विचारलं, "धाकटी कधी येतेय?" मी तिच्या औषधांची वेळ लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "येतेय. तिकिटाचं बघतेय." तेवढ्यावर तिचा चेहरा असा उजळला की मला खोलीत दुसरं कोणी आलंय असं वाटलं. तिने नर्सला बोलावून केस विंचरून घेतले. स्वेटर मागितलं. आणि दाराकडे बघायला लागली. फोटोतलं हसू ते आहे. पंधराव्या दिवशी परत तेच, मी म्हणाले, "निघतेय." सोळाव्या दिवशी, "वाटेत आहे." सतराव्या दिवशी तिने विचारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी आपण होऊन म्हणाले, "येईलच." एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती गेली. सगळं उरकल्यावर संध्याकाळी मी धाकटीच्या नवऱ्याला आधी फोन केला, मग तिला. ती रडली नाही. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, "आईच म्हणाली, तुला कळवू नकोस." ती म्हणाली, "असं म्हणाली?" मी म्हणाले, "हो." ती म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'वर आमची नऊ वर्षं गेली. भांडण नाही, अबोला नाही. वाढदिवसाला संदेश, मुलांच्या निकालाला संदेश. उसवलेलं काही दिसायचं नाही, पण हात लावला की कळायचं, आत धागाच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात पानाची मांडणी होती. मागचा कागद कुठला, फोटो कुठे, शीर्षक कुठे. शिकवणारी मुलगी म्हणत होती, "सगळं भरू नका. रिकामी जागा राहू द्या, नजरेला श्वास घ्यायला जागा लागते." डॉक्टरीणबाईंनी आपल्या नवऱ्याच्या फोटोभोवती इतकी फुलं चिकटवली होती की तो झुडपातून डोकावतोय असं वाटत होतं. मी माझे अकरा फोटो टेबलावर पसरले आणि मला धाकटीचं घर आठवलं. बाळ सहा महिन्यांचं असताना मी एकदा गेले होते. मुलगी झाली होती, कपाळ थेट आईचं. धाकटीने माझं सगळं नीट केलं, पलंगावर नवी चादर घातली, मला काय आवडतं ते लक्षात ठेवून केलं. चार दिवसांत आईचा विषय एकदाही निघाला नाही. भिंतीवर तिच्या सासू-सासऱ्यांचा फोटो होता, लग्नातला होता, बाळाचे तर पंधरा. आईचा एकही नाही. मी ते पहिल्या दहा मिनिटांत पाहिलं होतं. मला वाईट वाटलं आणि त्याच्याच पोटात सुटल्यासारखंही वाटलं, की चला, हा विषय आता बंद. कुलूपबाईला दुसरं काय हवं असतं.

आणि मी धाकटीला का कळवलं नाही, हे मला माहीत होतं. बाळाच्या काळजीपोटी, हे खरं होतं, पण ते पहिले दहा दिवस. पुढचं कारण वेगळं होतं. लहानपणापासून दार वाजलं की आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, मी असले तर "आलीस?" म्हणून परत आत जायची, आणि धाकटी असली तर तिथेच उभी राहून तिचं ऐकत बसायची. धाकटी बोलकी होती, नकला करायची, आईला हसवायची. मी शहाणी होते. शहाण्या मुलीकडे कोणी बघत बसत नाही, तिच्यावर कामं सोपवतात. त्या एकोणीस दिवसांत पहिल्यांदा आई पूर्ण माझी होती. तिचं पाणी, तिची नखं, तिचा रिपोर्ट, तिचा हात. धाकटी दारात आली असती तर आईने मान वळवली असती, आणि मी परत स्टुलावरची शहाणी झाले असते. एवढंच. एवढ्या लहान गोष्टीसाठी माणूस मरणाऱ्या आईला फसवतो, हे कोणाला सांगितलं तर पटणार नाही. मला मात्र फार सोपं गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी लिहायचं होतं. शिकवणारी मुलगी बारीक टोकाची पेनं वाटत म्हणाली, "ही शाई उडत नाही. तुमच्या अक्षरात चार ओळी लिहा. फोटो कधीचा, कुठला, काय चाललं होतं. टाइप करू नका, अक्षर हे पण माणूसच असतं." मी तोपर्यंत कापलेला फोटो चिकटवून ठेवला होता, पूर्ण फोटो पाकिटात. पेन घेतलं आणि तारीख लिहिली. मग, आई, घरी. 'घरी' लिहून पेन थांबलं. डॉक्टरीणबाई माझ्या पानाकडे बघत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "काय सुंदर हसतायत! कोणाकडे बघतायत हो?" नऊ वर्षांपूर्वी धाकटीने विचारलेला प्रश्न, शब्दाला शब्द नाही, पण तोच. माझ्या जिभेवर शेजारच्या बाई तयार होत्या. मी म्हणाले, "दाराकडे. माझी बहीण येणार होती." "आल्या?" "नाही. तिला सांगितलंच नव्हतं." डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून बसलेली खूप माणसं पाहिली असावीत. त्यांनी फक्त डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली.

कोऱ्या पानावर परत सुरुवात केली. पूर्ण फोटो मधोमध लावला. फूल नाही, रिबीन नाही. खाली लिहिलं, "दाखल झाल्याचा चौदावा दिवस. डाव्या हातात सलाईन. आईने विचारलं, धाकटी कधी येतेय. मी येतेय म्हणून सांगितलं, म्हणून ती दाराकडे बघून हसतेय. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, एवढ्यात कळवू नकोस. एवढ्यात हा शब्द मी तुला सांगितला नाही. शेवटपर्यंत ती तुझी वाट बघत होती." अक्षर माझं कधी नव्हे इतकं वाकडं आलं. रुग्णालयात असं अक्षर मी कोणाचं खपवून घेतलं नसतं. वर्ग संपल्यावर शिकवणारी मुलगी सगळ्यांची पानं टेबलावर मांडून फोटो काढत होती. माझ्या पानापाशी ती वाचत थांबली, मग माझं पान उचलून तिने अलगद उलटं केलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काकू, हे प्रदर्शनात लावायला नको ना?" मी म्हणाले, "नको."

सून नमुन्यांच्या पिशव्या घेऊन आली. गाडीत बसल्यावर तिने पान मागितलं आणि मी दिलं. ती वाचेपर्यंत मी समोरच्या काचेवरची एक चिकटलेली पाकळी बघत राहिले, ती सुनेच्या कुठल्यातरी नमुन्यातली कागदी पाकळी होती. "आई," ती हळूच म्हणाली, "हे खरंय?" "हो." "ह्यांना माहितीये?" "तुझ्या नवऱ्याला? कोणालाच नाही." तिने पानाचा कोपरा बोटाने सरळ केला. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं, कशाला उकरता. तसं म्हणाली असती तर मी मान्य केलं असतं, हे मला माहीत होतं, आणि मी वाट बघत होते. ती म्हणाली, "पाठवायचं असेल तर मी पुठ्ठा घालून पाकीट करते. नाहीतर कोपरे दुमडतात." तिने ते केलंही, घरी गेल्यागेल्या, दोन पुठ्ठे, मधे पातळ कागद, चारी बाजूंनी चिकटपट्टी. पत्ता मात्र मला लिहायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात मी पाकीट काउंटरवर ठेवलं, आणि आतल्या माणसाने ते ओढलं तरी माझी बोटं त्यावर होती. "बाई," तो म्हणाला, "सोडा की."

आठ दिवसांनी संदेश आला. पोचलं. पुढे काही नाही. त्यानंतरचे पाच दिवस मी घरात कशी वावरले ते सुनेला विचारावं. म्हणे मी एकच कपाट तीनदा लावलं. सहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, फोन वाजला. संदेश नाही, फोन. मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं.

"ताई," धाकटी म्हणाली, "ती खरंच विचारत होती?"

"हो."

"किती वेळा?"

"चौदाव्या दिवसापासून रोज. सतराव्या दिवशी विचारलं नाही, पण बघत होती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती कुठेतरी बसली असावी. "तुला माहितीये का," ती म्हणाली, "मी तुझ्यावर कधी रागावलेच नव्हते. तू निरोप दिलास, बस. मी तिच्यावर रागावले. नऊ वर्षं. मला वाटलं, हिला शेवटी मी नकोशी झाले. मी हसवत होते तोवर हवी होते, रडायची वेळ आली तेव्हा नको. घरात फोटो लावला नाही मी तिचा. पोरगी विचारते, आजी कशी होती, तर म्हणते, होती, सगळ्यांच्या असतात तशी." तिचा आवाज फाटला. "इतकी गोड बाई, आणि मी तिला असं केलं. तू मला असं करायला लावलंस."

मी हे कधी धरलंच नव्हतं. नऊ वर्षं मी फक्त दोन माणसांचा विचार करत होते, फसवलेली आई आणि फसवणारी मी. धाकटी काय समजत असेल, ह्याची एक ओळही माझ्या हिशेबात नव्हती. मला वाटत होतं मी तिच्यापासून एक मरण लपवलं. मी तिची आख्खी आई काढून घेतली होती, मागच्या सगळ्या वर्षांसकट.

"का केलंस, ताई?"

"मला वाटलं, तू आलीस की ती तुझी होईल."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि त्याला दुसरं कोणीतरी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं.

"मी माफबिफ करणार नाही," ती म्हणाली. "मला जमणार नाही ते."

"बरं."

"बरं नको म्हणूस. आणि फोनही ठेवू नकोस. अजून काय म्हणाली ती? सगळं सांग. माझ्याबद्दलच नको, काहीही."

मी आठवायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं, माझ्याकडे फारसं काही नाहीये. रक्तातला ऑक्सिजन रोज किती होता ते मला आजही पाठ आहे. कोणती गोळी कधी बदलली, ते आहे. दाखल केल्याचा नंबर आहे. आई काय बोलली, ते नाही. ती बोलायची तेव्हा मी लिहीत असायचे. मी ज्या आईला कोणाशी वाटून घ्यायला तयार नव्हते, तिचं एक वाक्य धड सांभाळलं नव्हतं. "थांब," मी म्हणाले, "थांब हं," आणि डोळे मिटून त्या खोलीत गेले, स्टुलावर बसले, तिचा उजवा हात हातात घेतला. दुपार होती. मी नखं कापत होते.

"एकदा म्हणाली," मी सांगितलं, "धाकटीचे पाय सुजलेत का गं? तुम्हा दोघींच्या वेळी माझे फार सुजले होते."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विचारते."

"विचारलं नाहीस."

"नाही."

मग धाकटी नाक ओढत, हसते आहे की रडते आहे कळणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सुजले होते. इतके, की एक चप्पल होत नव्हती. ह्यांचे बूट घालून फिरत होते मी, घरभर."